भांडण ओट्यावर आणा

सुंदरबाईच्या घरात दीड वर्षात एकदाही भांडण झालं नव्हतं, आणि त्यापायी तिला गल्लीत तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, यात तोंड लपवण्यासारखं काय? म्हणजे तुम्ही धरणगावकडचे नाही. तिथल्या एका गावात खालची गल्ली म्हणून आहे. त्या गल्लीत ज्या घरातून भांडणाचा आवाज येत नाही त्या घराकडे लोक संशयाने बघतात. भाईदासकडे भाजीत मीठ किती यावरून भांडण, भटूकडे ट्रॅक्टर कोणी नेला यावरून भांडण. समोरची झुंबरबाई तर एकटीच राहते, तरी तिच्याकडे भांडण होतंच, कधी मांजराशी, कधी टीव्हीतल्या बाईशी. घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच. नाही लागलं तर घरात भांडी तरी आहेत की नाहीत, अशी शंका येते माणसाला.

झुंबरबाई एक दिवस आपल्या ओट्यावरून म्हणालीच, "सुंदर, तुन्हं घर मुकं व्हयनं का वं? सून उनी त्याले दीड वरीस व्हयनं, नी कधी चमचा बी आपटाना आवाज नही?"

सुंदरबाईला हे झोंबलं. कारण खरी गोष्ट अशी होती की तिच्या घरात भांडण होतं. चांगलं दणदणीत होतं. फक्त ते पोर्तुगीजमध्ये होतं.

त्याचं असं झालं, तिचा मुलगा हितेंद्र आठ वर्षं आफ्रिकेत होता, मोझांबिकला. तूर खरेदी करायला. ज्याच्या बापाने जन्मभर तूर पेरली त्या पोराला तूर विकत घ्यायला समुद्र ओलांडून जावं लागलं, यालाच शिक्षण म्हणतात. लग्न झाल्यावर बायकोही तिकडेच गेली. दिपमाला धुळ्याची. तिकडच्या लहान पोरांच्या शाळेत ती शिकवायची, एक तास इंग्रजीतून, एक तास पोर्तुगीजमधून. मग हितेंद्रचे वडील धनसिंग वारले. आईला एकटं कसं ठेवायचं म्हणून दोघं गाशा गुंडाळून गावी आले, आणि हितेंद्र धरणगावच्या एका जिनिंगमध्ये मॅनेजर म्हणून लागला. रोज अंगाला कापूस चिकटवून घरी यायचा.

दोघं भांडायचे ते खोलीत, दार लावून, आणि दाराच्या आत कूलर सुरू करून. खानदेशातल्या उन्हाळ्यात कूलर लावला तर कोण काय म्हणणार? पण सुंदरबाईने भिंतीला कान लावून लावून एवढं ओळखलं होतं की सुरुवात इंग्रजीत होते. इंग्रजीत दोघं बँकेत बसल्यासारखे बोलायचे, हळू, 'प्लीज' वगैरे घालून. मग मध्येच गाडी पोर्तुगीजवर जायची आणि तिथे काय तो वेग, काय ते चढणं-उतरणं. एक शब्द कळायचा नाही, पण भांडणाच्या चालीची म्हातारी जाणकार होती. हे भांडण रोज एकाच जागेवर येऊन अडतं, पुढे जात नाही आणि मिटतही नाही, हे तिला पक्कं कळलं होतं. आणि तिला त्याची भीती वाटायला लागली होती.

कारण खालच्या गल्लीत भांडण मिटवायची एक रीत आहे. भांडण घरात आहे तोवर तुमचं. ते ओट्यावर आलं की गल्लीचं. लोक खुर्च्या घेऊन येतात. दोन्ही बाजूंनी पोटभर बोलून घ्यायचं, कोणी कोणाला अडवायचं नाही. मग एखादं वयाचं माणूस पाण्याचा तांब्या आणून मध्ये ठेवतं. तांब्या ठेवला की सगळ्यांची तोंडं बंद. ज्याने ठेवला तो निकाल देणार, आणि निकाल ज्याच्या विरुद्ध गेला त्याने आधी पाणी प्यायचं, दुसऱ्याने नंतर. मग विषय संपला. वना नावाच्या एका शहाण्याने तांब्या नाकारून कोर्ट गाठलं, त्याला अजून तारखा मिळताहेत.

सुंदरबाई गल्लीचा ठरलेला तांब्या होती. कोणाचंही भांडण असो, लोक तिच्याच दाराकडे बघायचे. तिने बांधाचे तंटे सोडवले, सवती नांदवल्या, भाईदासच्या बायकोला तर तीन वेळा माहेराहून आणलं. आणि आता स्वतःच्या घरातलं भांडण कूलरच्या आवाजाखाली कुजत पडलं होतं, अन तिला तांब्या ठेवायला जागा नव्हती.

बरं, सून नावडती असती तर गोष्ट वेगळी. पण सुंदरबाईला दिपमाला फार आवडायची. धनसिंग हा माणूस असा की जन्मभरात बायकोशी बोलला ते बहुतेक 'वाढ' आणि 'पुरे' एवढंच. दिपमाला मात्र म्हातारीशी बोलायची. तिकडच्या बाजारातल्या बायका डोक्यावर काय काय घेऊन चालतात ते सांगायची, रात्रीच्या मालिकेतल्या नटव्या बायांची दोघी मिळून टिंगल करायच्या, आणि डोळ्यात औषध घालताना म्हातारीने शिव्या दिल्या तर दिपमाला त्या शिव्या पाठ करून ठेवायची. खरं सांगायचं तर पोटच्या पोरापेक्षा सुंदरबाईला सून जवळची वाटायची. याची तिला लाज नव्हती, फक्त पोरासमोर ती हे बोलायची नाही.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवड्यावर आली होती. सासू-सून सकाळी गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे वाळवणाचे पापड, घालत होत्या. ऊन चढायच्या आत पातेलं संपवायचं म्हणून दोघींचे हात भराभर चालले होते. सुंदरबाईने सहज विचारल्यासारखं केलं.

"काय वं, तुमनी त्या भाषामा भांडनले काय म्हनतस?"

दिपमाला हसली. "कोणत्या भाषेत, आई? आणि कोणतं भांडण?"

"बठ्ठं सांग. माले काय काम शे?"

शिकवायची खोड ती, जात नाही. दिपमालाने ओल्या हाताने कपाळावरचे केस सारले आणि वर्ग सुरू केला. इंग्रजीत पहिली पायरी आर्ग्युमेंट. त्यात दोघंही शहाणे असतात आणि एकमेकांना मुद्दे सांगतात. त्याच्या वर रो. त्यात आवाज चढतो, शेजारचे लोक खिडक्या लावून घेतात.

"लावतस? उघडतस नही?"

"लावतात, आई."

सुंदरबाईला इंग्रज लोकांची दया आली.

"त्याच्या वर ब्रॉल. म्हणजे हातघाई. पण त्या लोकांना ब्रॉलचीही एवढी भीती नाही, जेवढी सीनची आहे. सीन म्हणजे चार लोकांसमोर तमाशा. ते सगळ्यात वाईट."

"चार लोकसमोर नही ते काय भिंतसमोर भांडानं?" सुंदरबाई म्हणाली. "नी पोर्तुगीज?"

पोर्तुगीज म्हटल्यावर दिपमालाचा चेहराच खुलला. तिथे पहिली दिश्कुसाँव, नुसती बोलाचाली. मग बात-बोका. बोका म्हणजे तोंड. तोंडावर तोंड आपटतं तशी बाचाबाची. मग ब्रीगा, त्यात हातही चालला तर चालतो. झरागाता म्हणजे दहा-वीस लोकांचा गोंधळ, स्टुलं उडतात, कोण कोणाच्या बाजूने ते कोणालाच ठाऊक नसतं. आणि पेशैरादा म्हणजे कोळणी बाजारात भांडतात तसं, कमरेवर हात ठेवून, अख्ख्या बंदराला ऐकू जाईल असं.

"पेशैरादा," सुंदरबाईने शब्द तोंडात घोळवला. तिला तो आवडला. "हाई आपलं शे. झुंबर करस ते हाईच."

दोघी मनापासून हसल्या. मग म्हातारीने हळूच खडा टाकला. "नी तुमनं काय चालस खोलीमा? दिश्कुसाँव का पेशैरादा?"

दिपमालाचा हात थांबला. तिने बिबड्याची कड उगाच नीट केली. "आमचं काही नाही, आई. आम्ही बोलत असतो." मग ती खाली बघूनच म्हणाली, "तिकडे खेड्यातली माणसं अजून एक शब्द वापरतात. मिलांदो. दोघांचं दोघांना सुटत नाही आणि म्हाताऱ्या माणसांना बसवून सोडवावं लागतं, ते भांडण."

"मंग म्हातारं मानूस काय करस?"

"ऐकून घेतं," दिपमाला म्हणाली आणि रिकामं पातेलं घेऊन खाली गेली.

त्याच दुपारी सुंदरबाई सुनेच्या खोलीत सुईदोरा शोधायला गेली, तर पलंगावर मोठी बॅग उघडी. आखाजीला सासुरवाशीण माहेरी जाते, ही रीतच आहे. पण चार दिवसांच्या माहेराला दोन साड्या आणि एक पिशवी पुरते. या बॅगेत थंडीचा कोट होता, पदवीचं प्रमाणपत्र होतं, आणि तळाशी पासपोर्ट. धुळ्याला जायला पासपोर्ट लागतो असं सुंदरबाईने कधी ऐकलं नव्हतं.

ती पलंगावर बसली. ही पोरगी धुळ्याला जाणार आणि धुळ्याहून परत येणार नाही, हे तिला स्पष्ट दिसलं. भाईदासची बायको पळाली तेव्हा कशावरून पळाली हे तरी माहीत होतं. इथे अख्खा संसार मोडत होता आणि कशावरून मोडतोय हेसुद्धा सासूला ठाऊक नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाण्यामागोमाग संताप. ज्या बाईने अर्धी गल्ली नांदवली तिच्या घरातून सून अशी मुकाट्याने जाणार?

संध्याकाळी हितेंद्र आला, चहा झाला, दोघं खोलीत गेले. दार लागलं. कूलर सुरू झाला. इंग्रजी थोडं चाललं, मग पोर्तुगीज लागलं. बाहेर ऊन कललं होतं आणि गल्ली ओट्याओट्यांवर येऊन बसली होती. सुंदरबाईने पदर खोचला. खोलीतल्या कूलरची वायर खिडकीतून बाहेर येऊन पडवीतल्या प्लगमध्ये लावलेली होती. तिने प्लग उपटला.

कूलर घरघरत थांबला आणि दोघांचा आवाज उघडा पडला. हितेंद्र वाक्याच्या मध्येच अडकला.

"बाहेर या," सुंदरबाईने दार ठोठावलं. "दोन्हीजन. ओटावर या."

"काही नाही, माय," हितेंद्र दार उघडून म्हणाला. घामाने त्याचा शर्ट अंगाला चिकटला होता. "आमचं आपलं सहज चाललं होतं. उगाच सीन नको."

"सीनच पाहिजे माले. पेशैरादा पाहिजे. चाल."

हितेंद्रने आईच्या तोंडून पोर्तुगीज ऐकलं आणि तो इतका गांगरला की निमूट बाहेर आला. मागून दिपमाला आली, डोळे पुसलेले, चेहरा दगड झालेला. सुंदरबाईने ओट्यावर उभं राहून समोर हाक मारली, "झुंबर, ये वं. आमना घर भांडन शे."

झुंबरबाईने या हाकेची जन्मभर वाट पाहिली होती. तिने मांजर मांडीवरून खाली टाकलं आणि खुर्ची उचलली. भाईदास आला, भटू आला, पलीकडच्या घरातली प्रमिलाबाई हातातलं लाटणं घेऊन आली. पाच मिनिटांत अंगणात खुर्च्या लागल्या, जणू कोणी पत्रिका वाटल्या होत्या.

"बोला," सुंदरबाई म्हणाली. "आपली भाषामा बोला. बठ्ठासले कळाले पाहिजे."

हितेंद्र सुरू झाला. पण काय सुरू झाला. "तसा काही मतभेद नाही, थोडा दृष्टिकोनाचा..." भटूने जांभई दिली. जिनिंगच्या मीटिंगमध्ये बोलतात तसं तो बोलत राहिला आणि गल्लीचा जीव कंटाळून गेला.

दिपमाला खांबाला टेकून उभी होती. तिने आधी मान हलवली. मग ती प्रमाण मराठीत म्हणाली, "ते खरं सांगत नाहीत." आणि मग काय झालं कोण जाणे, धुळ्याच्या शाळेच्या पटांगणावर लहानपणी जी भाषा ती बोलायची ती तिच्या पोटातून वर आली.

"हाऊ सांगस, तिकडे परत जावानं शे, पन आते नही. माय शे तवलोंग थांबानं. नी मी सांगस, जावानं ते आते जाऊ, नही ते कधीच नको जाऊ. पन माय शे तवलोंग, हाई बोली बोलू नको." तिचा आवाज फाटला. "वरीस व्हयनं, हाऊ हाईच बोलस. नी मी रोज सकायले आईसनं तोंड दखस. त्या खोकल्यात का मन्हा मनमा येस, आते कितला दिन ऱ्हायनात? काल त्यास्ले दम लागना, नी मी मनमा महिना मोजी टाकात. माले मन्हीच लाज वाटस. माले आई आवडतस. माले त्यासना मरानी वाट दखनारी सून व्हवानं नही. म्हनीसन मी जाई राहिनी."

प्रमिलाबाईने लाटणं मांडीवर ठेवलं.

हितेंद्र खाली मान घालून उभा होता. वर्षभर दोघं हे परक्या भाषेत बोलत होते ते एवढ्याचसाठी, की म्हातारीच्या मरणाचा विषय म्हातारीच्या कानावर पडू नये. दार, कूलर, पोर्तुगीज, सगळा तिचा मान राखायचा खटाटोप होता.

सुंदरबाईला आधी राग आला. आपल्या मरणावर वर्षभर चर्चा आणि आपल्यालाच बोलावलं नाही? मग तिला दुसरी बाजू दिसली. पोरगा तिच्या मरणापर्यंत थांबायला तयार होता, आणि सून तेवढं थांबायला लागू नये म्हणून संसार सोडून निघाली होती. यातलं जास्त प्रेमाचं कोणतं, हे तिला ठरवता येईना. एक मात्र पक्कं होतं. सून जाऊ नये म्हणून तर तिने हा सगळा तमाशा मांडला होता.

आता तांब्याची वेळ झाली होती. सवयीने सगळ्यांनी सुंदरबाईच्या तोंडाकडे पाहिलं, आणि सवयीने सुंदरबाई उठलीही. निकाल तिच्या ओठांवर तयार होता. दोघांनी इथेच राहायचं, पुन्हा जायचं नाव काढायचं नाही, संपलं.

"बस अक्का," भाईदास हळू म्हणाला. "तू नही चालस. तू पार्टीमा शेस."

एवढ्यात झुंबरबाई आपल्या घरून तांब्या घेऊन आली आणि तिने तो ओट्याच्या मधोमध ठेवला. सुंदरबाईचं तोंड उघडलं होतं ते मिटलं. तांब्या ठेवल्यावर बोलायचं नाही, हे तिनेच आजवर शंभर लोकांना दटावून सांगितलं होतं.

झुंबरबाई टोमणा मारेल असं सगळ्यांना वाटलं. तिने मारला नाही. ती खुर्चीवर बसली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बोलली.

"मन्हा पोऱ्या प्रेमराज तुमले याद शे. सुरतले कामले जाई राहिंता, मी जाऊ दिधं नही. मी सांगं, मी शे तवलोंग थांब. बापडा थांबना. मी बी सारखी आजारी पडू. आज मरस, उद्या मरस. तो वाट दखी दखीसन थकी गया, नी मी काही मरनू नही." भटूला हसू आलं, पण त्याने ते गिळलं. "मंग एक दिन तो मन्हावर इतला चिडना का कपडासनी पिशवी उचली नी गया. आते फोन बी करस नही. तो वाईट नव्हता. मी त्याले वाट दखाले बसाडं." तिने सुंदरबाईकडे पाहिलं. "यासले जाऊ दे, सुंदर. दोन्हीसले. आत्तेच. तू चांगली शे तवलोंग."

आणि तिने तांब्या उचलून सुंदरबाईपुढे धरला.

हितेंद्र काहीतरी बोलायला पुढे झाला. प्रमिलाबाईने लाटण्याने त्याला मागे केलं. सुंदरबाई तांब्याकडे बघत राहिली. नको म्हणता आलं असतं. वनाने म्हटलं होतंच की. तिने समोरच्या बाईकडे पाहिलं, जिच्याशी ती जन्मभर भांडली होती, आणि त्या बाईच्या घरात संध्याकाळी मांजराशिवाय बोलायला कोणी नसतं हे तिला आज पहिल्यांदा नीट दिसलं. आपल्या घरातही तसंच होणार, हेही दिसलं. तिने तांब्या घेतला आणि डोकं मागे टाकून प्यायली. हनुवटीवरून पाणी चोळीवर ओघळलं तरी तिने पुसलं नाही.

पाणी प्यायल्यावर बोलायची मुभा असते. सुंदरबाईने सुनेला जवळ बोलावलं.

"दिपमाला, मी मरसु तवय तुले आधी सांगसु. तवलोंग मोजानं नही. काय?"

दिपमालाने हसायला तोंड उघडलं आणि तिला रडू फुटलं. ती म्हातारीच्या पायाशी बसली, डोकं तिच्या मांडीवर टाकून हमसून हमसून रडायला लागली. सुंदरबाईलाही रडायचं होतं. पण अंगणभर लोक बसले होते, आणि निकाल पुरा व्हायला दुसऱ्या बाजूचं पाणी प्यायचं राहिलं होतं. तिने सुनेचं तोंड वर केलं आणि तांब्या तिच्या ओठांना लावला.

"पी," ती म्हणाली. "गल्ली थांबेल शे."